मोड येण्याआधी आणि आल्यावर

श्रोतेहो, नमस्कार. मुगाला मोड कसे आणायचे, हे तुम्हाला सांगायला नकोच. आज बोलायचंय ते रुजता रुजता मध्येच पाणी तुटलं तर काय होतं, त्याबद्दल.

मी नववीत होते. दोन बशांत ओल्या फडक्यावर मूग ठेवले होते. एका बशीतल्या मुगांना चांगले अर्ध्या बोटाएवढे मोड आलेले. दुसऱ्या बशीतले त्याच सकाळी भिजवलेले, नुसते टम्म फुगलेले. अचानक सगळ्यांना बाहेरगावी जावं लागलं. चार दिवसांनी परतलो, तर दोन्ही फडकी कडकडीत वाळलेली. मोड सुतासारखे होऊन फडक्याला चिकटले होते. फुगलेले मूग आक्रसून पुन्हा खड्यासारखे टणक. आजी म्हणाली, "टाकू नकोस गं, पाणी घालून बघ." घातलं. दुसऱ्या दिवशी बघते, तर नुसते फुगून वाळलेले मूग रुजले होते! आणि ज्यांना आधीच मोड होते, ते लिबलिबीत होऊन वास मारायला लागले. मला रडू आलं, कारण माझा सगळा जीव त्या मोडांवर होता.

असं का झालं? कोरडं बी पाणी ओढून घेतं. मेलेलं बीसुद्धा फुगतं. मका आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्के, सोयाबीन 50 टक्के पाणी घेतं, तेव्हा कुठे रुजतं. इथवर पाणी तुटलं, तरी बी थांबू शकतं. पुन्हा सांगते, मूळ बाहेर येईपर्यंत बी वाट बघतं. मूळ बाहेर आलं, की वाळणं सोसत नाही.

 

तर, रोप तगलं तरी पाण्याची ओढ दिसतेच. पेशी ताणून मोठी व्हायला आतून पाण्याचा दाब लागतो. तो कमी पडला, की आधी खोड-पानं खुंटतात. मूळ त्या मानानं वाढत राहतं, खाली ओल शोधत जातं. म्हणून वरची माती भिजली एवढ्यावर पेरू नका. मोड येण्यापुरतीच ओल मिळाली आणि मग माती सुकली, तर माझ्या पहिल्या बशीसारखं होतं. बोट खुपसून बघा. बी जिथे पडणार, तिथे आणि त्याच्याही खाली ओल लागली, तर पेरा आणि वरून माती हलक्या हातानं दाबा.