एडना पॉन्टेलिए आणि तिची दोन मुले

श्रोतेहो, नमस्कार.

स्वतःचे आयुष्य स्वतःच्या हाती घेऊ पाहणाऱ्या विवाहितेची कथा आपण बहुधा पती, पत्नी आणि प्रियकर यांची गोष्ट म्हणून वाचतो. केट शोपॅन या अमेरिकन लेखिकेची ‘द अवेकनिंग’ ही १८९९ साली प्रसिद्ध झालेली कादंबरीही अनेकांनी तशीच वाचली. माझे वाचन थोडे वेगळे आहे. या कादंबरीत पतीचा प्रश्न फारशी झटापट न होता बाजूला सरतो आणि प्रियकर स्वतःच निघून जातो. शेवटपर्यंत सुटत नाही तो नायिकेच्या दोन लहान मुलांचा प्रश्न.

कथा लुईझियाना राज्यातली आहे. अठ्ठावीस वर्षांची एडना पॉन्टेलिए आपल्या कुटुंबासह ग्रँड आइल या बेटावर उन्हाळा घालवण्यासाठी आली आहे. पहिल्याच काही पानांत एक रात्र येते. नवरा लेऑन्स क्लाइनच्या हॉटेलातून अकराच्या सुमारास परततो, झोपलेल्या बायकोला उठवून दिवसभराच्या गप्पा ऐकवतो, मग मुलांच्या खोलीत डोकावतो आणि राऊलला सडकून ताप आहे असे सांगून दाराशी सिगार ओढत बसतो. मुलाला ताप नाही, याची एडनाला खात्री असते. तरीही मुलांकडे लक्ष देणे हे आईचे काम नाही तर कुणाचे, असा त्याचा सवाल असतो. दलालीच्या व्यवसायातून त्याला सवड कुठली! सिगार संपल्यावर तो क्षणात झोपी जातो आणि एडना बाहेर ओसरीवर एकटीच रडत बसते. आपण का रडतो आहोत, हे तिला सांगता आले नसते. पुढे काही दिवसांनी त्याच नवऱ्याकडून खाऊने भरलेली पेटी येते, इतका चांगला नवरा जगात दुसरा नाही असे सगळ्या बायका म्हणतात, आणि याहून चांगला आपल्याही पाहण्यात नाही, हे एडनाला कबूल करावे लागते. शोपॅनने नवऱ्याला खलनायक केले नाही, ही तिची मोठी ताकद मला वाटते. लेऑन्स मारहाण करत नाही, पैशाला आडकाठी करत नाही. आपली बायको ही आपल्या मालकीची मौल्यवान वस्तू आहे, एवढेच तो गृहीत धरतो.

या गृहीतकातून एडना बाहेर पडते ती पायरीपायरीने, आणि तिच्या प्रत्येक पायरीला पैशाचा आधार आहे. न्यू ऑर्लिन्सला परतल्यावर ती मंगळवारचे पाहुण्यांचे स्वागत बंद करते, चित्रे काढू लागते, ती विकू लागते. आईच्या मिळकतीतले थोडे पैसे, घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेली रक्कम आणि चित्रांची कमाई यांच्या बळावर ती नवऱ्याचे घर सोडून जवळच एका चिमुकल्या घरात राहायला जाते. तेव्हा लेऑन्सला चिंता पडते ती आपली आर्थिक स्थिती खालावल्याचा बोभाटा होण्याची. म्हणून तो मोठ्या घराची दुरुस्ती काढतो आणि तशी बातमी वर्तमानपत्रात छापून आणतो. विवाहाचा विषय एवढ्यावर मिटतो.

मुलांचे तसे होत नाही. एटिएन आणि राऊल तेव्हा इबरव्हिलला आजीकडे असतात. एडना त्यांना भेटायला जाते, त्यांचे हात अंगाला लागताच तिच्या डोळ्यांत पाणी येते, पूर्ण एक आठवडा ती त्यांच्यातच रमते. शहरात परतेपर्यंत मात्र ती ओढ विरून गेलेली असते. हे वाचताना ही आई निष्ठुर आहे असे म्हणता येत नाही, आणि ती मुलांशिवाय राहू शकत नाही असेही म्हणता येत नाही. तिची मैत्रीण अदेल हिच्याशी तिचा एकदा वाद झालेला असतो. मुलांसाठी आपण पैसा देऊ, प्राणही देऊ, पण स्वतःला देणार नाही, असे एडना म्हणते. प्राण देण्यापलीकडे आई आणखी काय देऊ शकते, हे अदेलला कळत नाही. अदेल संसारात खरोखर सुखी आहे. म्हणूनच तिचे न कळणे इतके बोलके आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. एडनाला चित्रे काढायला जी सवड मिळते, ती मुलांना सांभाळणाऱ्या मिश्रवंशीय दाईमुळे. ही बाई कादंबरीभर वावरते, पण तिला नाव नाही. तिला स्वतःची मुले होती का, त्यांच्याजवळ कोण होते, हे लेखिकेच्या मनातही आलेले दिसत नाही. एका स्त्रीचे स्वातंत्र्य दुसरीच्या श्रमांवर उभे आहे, ही या थोर कादंबरीतली उणीव मला फार डाचते.

अखेरीस अदेलच्या बाळंतपणाला एडना हजर राहते. वेदनांनी थकलेली अदेल तिच्या कानात एवढेच सांगते, की मुलांचा विचार कर. परतताना वृद्ध डॉक्टर मांदले यांच्याशी बोलताना एडनाची वाक्ये तुटत जातात; आपल्याला आपल्या मनासारखे जगायचे आहे, त्यापायी इतरांची मने तुडवली गेली तरी चालतील, पण त्या चिमुकल्या जिवांना तुडवायचे नाही, असे ती सांगते. घरी येते तो प्रियकर रॉबर्ट चिठ्ठी ठेवून गेलेला असतो. त्यानंतर ती ग्रँड आइलला जाते आणि समुद्रात पोहत दूर निघून जाते. या शेवटाला मुक्ती म्हणणारे समीक्षक आहेत, पण मला ते पटत नाही. तिला मुले आपल्यावर मात केलेल्या शत्रूंसारखी दिसू लागली होती, आणि त्यांना चुकवण्याचा तिला सापडलेला मार्ग तिला स्वतःलाच संपवणारा होता.

कादंबरीवर तेव्हाच्या अनेक परीक्षणांत कडाडून टीका झाली. १९०४ साली शोपॅनचा मृत्यू झाला आणि पुढची कित्येक दशके ही कादंबरी जवळजवळ विस्मरणात गेली. १९६९ मध्ये नॉर्वेजियन अभ्यासक पेर सायरस्टेड यांनी तिचे समग्र साहित्य संपादित केल्यावर ती नव्याने वाचली जाऊ लागली. शोपॅनला स्वतःला सहा मुले होती. १८८२ मध्ये नवरा वारला, तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. मागे कर्ज होते; नवऱ्याचा व्यवसाय काही काळ तिनेच चालवला, मग मुलांना घेऊन ती सेंट लुईसला माहेरी परतली आणि त्यानंतरच तिचे लेखन छापून येऊ लागले. मातृत्व आणि स्वतःचे काम या दोन्ही गोष्टी तिने निभावल्या खऱ्या, पण त्या वेळी संसारात नवरा उरला नव्हता. तिन्ही एकत्र नांदू शकतील असे घर तिने एडनाला दिले नाही. तसे घर तिच्या स्वतःच्या वाट्यालाही आले नव्हते.