टाइलला तडा का जातो? आधी नाणं घ्या आणि ठोकून बघा

नमस्कार मंडळी. मागचा व्हिडिओ बाथरूमच्या गळतीवर होता, पण त्याच्या खाली कमेंट बघा, सगळी फरशीच. "ताई, हॉलमधली टाइल आपोआप तडकली." "ताई, घर नवीन आहे, वर्षही झालं नाही आणि किचनमधल्या टाइल्सचे कोपरे उडाले." आणि प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच, कंपनी कुठली घ्यायला हवी होती?

कंपनीचं आधी संपवते. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातमध्ये मोरबीला बनतात. दुकानात नावं वेगवेगळी दिसतात, भट्ट्या मात्र त्याच परिसरातल्या. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली असेल, बॉक्सवर आयएस १५६२२ हा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलेला असेल, टाइल वाकडी नसेल, तर झालं. तडा गेला की लोक टाइलकडे बघतात. टाइलखाली काय आहे ते बघा.

पाया, भराव आणि कोबा, म्हणजे टाइलखालचा काँक्रीटचा सपाट थर, यावर पटकन बोलते. तळमजला असेल तर भरावाचा मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, धुम्मस करून बसवलेला हवा. वर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, त्यावर पीसीसी, म्हणजे सळईशिवायचं साधं काँक्रीट. सोलापूर, लातूर, विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून ती भरावात अजिबात नको. कोबा नवीन असेल तर त्याला महिनाभर वाळू द्या. एवढं बहुतेक जणांना माहीत असतं.

आता मुद्दा. हा तीनदा सांगणार आहे, कारण दरवेळी इथेच घोटाळा होतो.

टाइलच्या खाली पोकळी नको.

(टाइल हातात घेऊन) ही ८ मिलिमीटरची टाइल. दाबून ती चिरडणार नाही. तिला सोसत नाही ते वाकणं. पापड ताटात सपाट ठेवून दाबा, काही होत नाही. तोच वाटीच्या तोंडावर ठेवून दाबा. मानकाप्रमाणे एवढ्या जाडीच्या व्हिट्रिफाइड टाइलने दोन टोकांवर टेकवून मधोमध किमान १३०० न्यूटन सोसायला हवेत, म्हणजे अंदाजे १३० किलोचा भार. ऐकायला भरपूर वाटतं. पण तुमच्या स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर बघा. १४.२ किलो गॅस आणि टाकीचं पंधरा-सोळा किलो, म्हणजे तीस किलो. तो नुसता ठेवला तर काही नाही. आणणारा माणूस तो खांद्यावरून उतरवतो, कडेवर आपटतो, तेव्हा धक्का त्या तीस किलोच्या कितीतरी पट असतो. खाली भरीव असेल तर धक्का सरळ स्लॅबमध्ये जातो. पोकळी असेल तर टाइल वाकते आणि तडकते.

पुण्यातल्या एका फ्लॅटवर मी कपाटाचं काम बघायला गेले होते. सुताराच्या हातून एक फळी पडली आणि टाइल फुटली. मालक त्याच्याकडून पैसे कापायला निघाले. मी म्हटलं, आधी टाइल उचलू. खाली चार कोपऱ्यांना चार गोळे, मधे एक गोळा, बाकी सगळी हवा. सुताराचा काय दोष?

आता दुसऱ्या बाजूने, टाइल चिकटवायच्या अ‍ॅडेसिव्हच्या. कमेंटमध्ये एकाने लिहिलंय, "आम्ही महागडं अ‍ॅडेसिव्ह वापरलं, तरी तडे." वापरलं असेल, पण लावलं कसं? ठिपके देऊन टाइल बसवली की काम झटपट होतं, लेव्हल पटकन मिळते आणि माल वाचतो, म्हणून मिस्त्रीला ती पद्धत आवडते. मला तिचा मनापासून राग येतो. ज्या घरासाठी लोक वीस वर्षं हप्ते भरतात, तिथे अर्ध्या पोत्याची बचत कशासाठी? अ‍ॅडेसिव्ह खाचांच्या थापीने, कंगव्यासारखं, एकाच दिशेने सरळ ओढायचं. गोल गोल नाही, गोलात हवा अडकते. मोठी टाइल असेल तर तिच्या पाठीवरही पातळ हात फिरवायचा. मग दाबून, त्या रेघांना आडवी थोडी सरकवायची, म्हणजे रेघा मोडून सगळीकडे पसरतात. आतल्या कोरड्या खोलीत किमान ८० टक्के पाठ भरलेली हवी, बाथरूममध्ये आणि गच्चीवर ९५. आणि कोपरे तर भरलेलेच हवेत. ज्या ताईंच्या किचनमध्ये कोपरे उडाले, त्यांचं कारण बहुधा हेच.

अजून एक. मे महिन्यात बादलीभर अ‍ॅडेसिव्ह कालवून ठेवतात. पसरलेल्या थरावर वीसेक मिनिटांत, कधी त्याआधीच, साय धरते. त्यावर टाइल ठेवली की नुसती टेकते, धरत नाही. बादलीतलं घट्ट झालं म्हणून वरून पाणी घालणाऱ्याला तिथेच थांबवा.

तिसरी बाजू, सिमेंट-वाळूच्या मालाची. "ताई, आमच्याकडे अजून मालावरच बसवतात, ते चूक का?" पूर्ण चूक नाही. माझे वडील गवंडी, त्यांनी आयुष्यभर शहाबादी मालावरच बसवली. पण शहाबादीची पाठ खडबडीत, ती माल धरते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषते ०.५ टक्क्याहून कमी. सिमेंटच्या रबडीला आत शिरायला वाटच नाही. म्हणून टाइल्स रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणाऱ्यांनाही सांगते, भिंतीच्या सिरॅमिकला त्याचा उपयोग होता, व्हिट्रिफाइडला नाही. तिच्या पाठीवर पांढरी भुकटी असते, ती मात्र ओल्या फडक्याने पुसा. मालावर बसवायचंच असेल तर बेड, म्हणजे खालचा मालाचा थर, आधी सपाट करा, रबडी पूर्ण पसरा, कोपऱ्यांना सोडू नका.

आणि तपासा. वडील दर थोड्या वेळाने नुकतीच बसवलेली एक फरशी उचलायला लावायचे. कारागीर वैतागायचे, पण उचलायचे. तुम्हीही सांगा, "भाऊ, एक उचलून दाखवा." पाठ भरलेली दिसली तर पुढे चालू द्या. काम वाळल्यावर रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइल ठोका, मध्ये आणि चारही कोपऱ्यांना. भरीव टाइल टक टक वाजते, पोकळ टाइल बद्द वाजते. बद्द वाजेल तिथे खडूने फुली मारा, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी मारा.

तडा कसा गेलाय त्यावरूनही कारण कळतं. एकच टाइल फुटली असेल तर खाली पोकळी आणि वरून धक्का. तडा सरळ रेषेत चार-पाच टाइल्स ओलांडून गेला असेल तर खालचा कोबा किंवा स्लॅब तडकलाय, आणि नुसती टाइल बदलून तो पुन्हा वर येणार. दोन टाइल्स तंबूसारख्या उचलल्या गेल्या, आवाज करून, तर जॉइंट, म्हणजे टाइल्सच्या मधल्या फटी, सोडलेले नाहीत.

जॉइंटवरून रोज कोणीतरी वाद घालतं. "रेघ दिसायला नको, टाइलला टाइल लावून द्या." दहा मीटरचा हॉल वीस अंशांनी तापला तर टाइल्स मिळून साधारण दीड मिलिमीटर वाढतात. नागपूरच्या उन्हात काचेच्या दारासमोर वीस अंश काहीच नाहीत. शिवाय स्लॅब वर्षभर आक्रसत असतो. जागा नसेल तर टाइल्स जाणार कुठे? वरच. फट सारखी राहावी म्हणून मधे दोन-तीन मिलिमीटरचा स्पेसर घाला, आणि भिंतीपाशी सहा-आठ मिलिमीटर मोकळं सोडा, भिंतीच्या पायथ्याची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, ते झाकतं. तिथे माल कोंबू देऊ नका. मोठ्या हॉलमध्ये सहा-सात मीटरवर आणि उन्हातल्या गच्चीवर साधारण तीन मीटरवर लवचिक सीलंटचा जॉइंट हवाच.

एक विनंती, वास्तुशांतीची तारीख आधी छापून मग फरशी बसवू नका. सकाळी टाइल, संध्याकाळी मंडप, पन्नास माणसं, भांडी, फ्रिज. निदान चोवीस तास कोणी चालायचं नाही, जड सामान त्याहून उशिरा. मालावरची असेल तर आठवडाभर पाणी आणि आराम.

बसलेल्या फरशीत एखाददुसरी पोकळ निघाली, हलत नाही, तर लगेच फोडू नका. जॉइंटमधून इपॉक्सी सोडून ती भरता येते. हलत असेल किंवा दारात, सिलिंडरच्या जागी असेल तर बदला. त्यासाठी एक बॉक्स जपून ठेवा आणि त्यावरचा शेड नंबर आणि बॅच नंबर लिहून ठेवा, नंतर तीच छटा मिळत नाही.

तुमच्याकडे तडा असेल तर फोटो पाठवा. पण फक्त तड्याचा नको, आजूबाजूच्या टाइल्ससकट, भिंत दिसेल असा. आणि ठोकल्यावर आवाज कसा आला तेही लिहा.