प्लेटवर काही उगवलं नाही म्हणजे बॅक्टेरिया नव्हताच का?

नमस्कार मंडळी! बॅक्टेरियाला लागतं काय, तर कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, सल्फर, ही यादी तुम्ही पाठ केलीच असेल, पण यादी तीच असली तरी प्रत्येकाला ते कुठल्या रूपात लागतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आजारी माणसाचा रिपोर्ट त्यावर ठरतो, कारण लॅबमध्ये सॅम्पलमधला जंतू प्लेटवर, म्हणजे त्याचं खाद्य (मीडियम) घातलेल्या बशीत, वाढवून बघतात, ह्यालाच कल्चर म्हणतात.

आधी आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय घ्या. पाण्यात ग्लुकोज, अमोनियम, फॉस्फेट, सल्फेट, मॅग्नेशियम आणि किंचित लोह, बास, एवढ्यावर तो मस्त वाढतो, वीसच्या वीस अमायनो ॲसिड स्वतः बनवतो. आपल्याला त्यातली नऊ जेवणातूनच घ्यावी लागतात!

आता हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. हा माणसाच्या नाकाघशात राहतो, लहान मुलांना मेनिन्जायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) करणारा हिब तो ह्याचाच एक प्रकार (टाइप बी), बाळांच्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या) लसीत ज्याच्यासाठी डोस असतो. ह्याला हिमिन (हिमोग्लोबिनमधून मिळणारा लोहयुक्त घटक) आणि एनएडी (पेशीला ऊर्जेच्या कामात लागणारा रेणू) दोन्ही आयतं लागतं. आता तुम्ही म्हणाल रक्तात दोन्ही आहे, मग मेंढीच्या रक्ताच्या साध्या ब्लड अगारवर (रक्त मिसळलेल्या जेलीसारख्या मीडियमवर) हा का येत नाही? कारण एनएडी तांबड्या पेशींच्या आत असतं आणि ते तोडणारं एन्झाइम पण त्या रक्तात असतं. म्हणून रक्त साधारण ८० अंशाला तापवायचं, पेशी फुटतात, एनएडी बाहेर येतं, एन्झाइम निकामी होतं आणि मीडियम तपकिरी दिसायला लागतं, हेच ते चॉकलेट अगार. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की त्याच ब्लड अगारवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) ह्या दुसऱ्या बॅक्टेरियाची एक रेघ ओढली तर फक्त तिच्या कडेकडेने हिमोफिलसच्या बारीक कॉलन्या (ठिपक्यांसारखे पुंजके) येतात, कारण स्टॅफ एनएडी बाहेर सोडतो. म्हणून सॅम्पल पाठवताना कशाचा संशय आहे ते फॉर्मवर लिहाच, मीडियम त्यावरूनच निवडतात.

आणि टोकाचं उदाहरण म्हणजे कुष्ठरोगाचा जंतू. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सननी तो १८७३ मध्ये पाहिला, पण आजवर कुठल्याच कृत्रिम मीडियमवर वाढलेला नाही, उंदराच्या तळपायात नाहीतर आर्माडिलोत वाढवावा लागतो. २००१ मध्ये त्याचा जीनोम (सगळ्या जीन्सचा संच) छापून आला तेव्हा दिसलं की हजाराहून जास्त जीन्स मोडून पडलीयेत, पेशीच्या आत बसून सगळं आयतं मिळतंय तर बनवायची यंत्रणा टिकणार कशी! त्यामुळे ह्याचं निदान कल्चरवर होतच नाही, डॉक्टर बधिर चट्टा तपासतात आणि गरज पडली तर कानाच्या पाळीचा स्मिअर (त्वचेतून घेतलेला नमुना काचेवर पसरून) घेऊन स्लाइड रंगवतात.