इटेनचे ब्रदर

(दृश्य: पहाट. लाल रस्ता, धुक्यातून येणारा पळणाऱ्यांचा घोळका.)

पश्चिम केनियातलं इटेन. समुद्रसपाटीपासून जवळपास 2400 मीटर उंचीवर, केरिओ खोऱ्याच्या कड्याला लागून वसलेलं गाव. हवा विरळ, रस्ते मुरमाचे. या वेळी रस्त्यावर गाड्या कमी, पळणारेच जास्त. आणि गावात शिरताना ही कमान: ‘विजेत्यांचं घर’.

(दृश्य: सेंट पॅट्रिक्स हायस्कूलचं आवार. झाडं, त्यांच्याजवळच्या पाट्या.)

ही झाडं शाळेतून घडलेल्या विजेत्यांच्या नावांनी लावलेली आहेत. पीटर रोनो याच शाळेचा. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचं सुवर्ण त्याने एकविसाव्या वर्षी जिंकलं. मॅथ्यू बिरीर, 1992, बार्सिलोना, स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं सुवर्ण. विल्सन किपकेटरही इथलाच; पुढे डेन्मार्ककडून धावला आणि 1997 मध्ये 800 मीटरचा विश्वविक्रम 1:41.11 वर नेला.

(दृश्य: मैदानाच्या कडेला उभे ब्रदर कॉल्म.)

आणि हे ब्रदर कॉल्म ओकॉनेल. आयर्लंडचे, पॅट्रिशियन ब्रदर्स या कॅथलिक धर्मसंघाचे. 1976 मध्ये ते इथे आले ते भूगोल शिकवायला. अ‍ॅथलेटिक्सचं कसलंही शिक्षण नाही, स्वतः कधी धावपटू नव्हते. शाळेच्या मुलांचा सराव तेव्हा पीटर फॉस्टर हा ब्रिटिश शिक्षक घ्यायचा. त्याचा भाऊ ब्रेंडन फॉस्टर त्याच वर्षी माँट्रियलला 10,000 मीटरचं कांस्य जिंकलेला. कॉल्म मदतीला उभे राहू लागले. फॉस्टर मायदेशी परतला आणि सगळी जबाबदारी या भूगोलाच्या मास्तरांवर आली.

शिकवायला हाताशी फारसं काही नव्हतं, तेव्हा ते बघत राहिले. मूल कसं पळतं, कुठे अडखळतं, दमल्यावर त्याची मान कुठे झुकते. परदेशातून येणारे कित्येक प्रशिक्षक वेळापत्रक घेऊन येतात आणि हंगाम संपला की निघतात. कॉल्म राहिले. इटेनच्या यशाबद्दल बोलताना सगळे उंचीची आणि विरळ हवेची चर्चा करतात. ती खरीच आहे, उंचीवर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. पण तीच हवा आसपासच्या प्रत्येक गावाला मिळते.

(दृश्य: गवतावर मुलामुलींची रांग. पाय, मग हात, जवळून.)

हा भाग सावकाश बघा. गुडघा वर, पाऊल शरीराच्या खाली, जमिनीला लागताच पुन्हा उचललेलं. आता या मुलीच्या हातांकडे बघा. मूठ आवळली की दंड ताठरतो, खांदे वर चढतात आणि श्वास अडतो. म्हणून बोटं सैल, अंगठा तर्जनीवर नुसता टेकलेला. तिने मूठ आवळली. रांग थांबली. पुन्हा सुरुवातीपासून. कोवळ्या वयात मैलांची रास घालायची नाही, आधी पळण्याची ढब बसवायची, ही इथली शिस्त. मला तरी हेच प्रशिक्षणाचं सगळ्यात कठीण काम वाटतं, कारण त्याचं फळ दिसायला वर्षं जातात.

(दृश्य: मुलींचा गट, चढावर.)

सेंट पॅट्रिक्स मुलांची शाळा. मग मुलींचं काय? 1989 पासून सुट्टीतली शिबिरं सुरू झाली आणि मुलींनाही हा सराव मिळू लागला. पुढे जॅनेथ जेपकोसगेई कॉल्मच्याच हाताखाली तयार झाली. 2007 मध्ये ती 800 मीटरची जगज्जेती होती.

यशाबरोबर पैसा आला, उत्तेजकं घेतल्याबद्दल धावपटूंवर बंद्या आल्या. आणि ऑक्टोबर 2021 मध्ये, फक्त महिलांच्या दहा किलोमीटर रोड रेसचा विश्वविक्रम केल्यानंतर साधारण महिन्याभराने, 25 वर्षांच्या अ‍ॅग्नेस टिरोपचा इटेनमधल्या घरात खून झाला.

(दृश्य: डेव्हिड रुडिशा, सरावाच्या वेळी.)

रुडिशा शिबिरात आला तेव्हा 400 मीटर धावायचा. त्याचे वडील 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये रिलेचं रौप्य मिळवलेले. उंच, लांब ढांगांचा हा पोरगा 800 मीटरचा आहे, हे कॉल्मनी हेरलं. 2006 मध्ये तो ज्युनिअर जगज्जेता झाला. 2010 मध्ये त्याने किपकेटरचाच विक्रम मोडला.

(दृश्य: लंडन, 2012. अंतिम शर्यत.)

9 ऑगस्ट. पुढे वेग लावून देणारं कोणी नाही. रुडिशा पहिल्या पावलापासून स्वतःच पुढे आणि शेवटपर्यंत पुढेच. 1:40.91. एक मिनिट 41 सेकंदांच्या आत 800 मीटर धावणारा जगातला पहिला माणूस. आठव्या आलेल्या धावपटूची वेळही आधीच्या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवून देणारी होती.

(दृश्य: पुन्हा शिबिर. नवी मुलं.)

रुडिशा जगभर गाजत होता त्या वर्षांतही शाळांना सुट्टी लागली की कॉल्म शिबिराच्या मुलांमध्ये असायचे. आता त्यांच्या शेजारी इथलेच मदतनीस असतात. रांग लावणं, दमलेल्याला बाजूला घेणं, सैल बोटांची आठवण करून देणं हे काम त्यांनी उचललंय, आणि पुढच्या सुट्टीतही शिबिर तेच घेतील.