सुईचा कोन

नमस्कार श्रोतेहो.

एलपी रेकॉर्ड ऐकणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. बाजू सुरू होते तेव्हा आवाज मोकळा, स्वच्छ असतो. सुई मध्यभागाकडे सरकते, शेवटचं गाणं लागतं, आणि गाणाऱ्याचे 'स' आणि 'श' फाटायला लागतात. व्हायोलिन चिरकतं. मग रेकॉर्डला दोष दिला जातो, नाहीतर महागडं नवं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, घ्यायचा विचार सुरू होतो. माझा आग्रह असा की खिशात हात घालण्याआधी आहे तेच कार्ट्रिज टोनआर्मवर, म्हणजे सुई रेकॉर्डवर धरणाऱ्या दांड्यावर, नीट बसलं आहे का, हे तपासा. अनेकदा बिघाड तिथेच असतो, आणि तो तुम्हाला घरच्या घरी दुरुस्त करता येतो.

शेवटचंच गाणं का बिघडतं, ते आधी पाहू. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेरच्या कडेलाही आणि आतही. पण बाहेरचा फेरा मोठा असतो. तिथे सुईखालून सेकंदाला जवळपास ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर अगदी आत जेमतेम २१. म्हणजे तोच स्वर आत निम्म्याहून कमी जागेत कोरावा लागतो. १०,००० हर्ट्झच्या स्वराची एक लाट आतल्या खाचेत २ शतांश मिलिमीटरएवढीच लांब उरते, आणि साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याही साधारण त्याच मापाची असते. एवढ्या अडचणीच्या जागेत सुई जराशी जरी तिरकी बसली तरी कानाला कळतं. बाहेरच्या खाचांमध्ये तोच तिरकेपणा खपून जातो.

आता हा तिरकेपणा येतो कुठून? मूळ तबकडी कोरणाऱ्या यंत्रात कोरणी कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत जाते. आपला टोनआर्म मात्र एका टोकाला जखडलेला असतो. बिजागरीवरच्या दारासारखा तो कमानीत फिरतो. कमान आणि सरळ रेषा संपूर्ण बाजूभर जुळणं शक्यच नाही. यावर तोड म्हणून कार्ट्रिज आर्मच्या टोकाला वाकडं बसवतात, साधारण २३ अंशांनी, आणि सुई मधल्या खुंटीच्याही थोडी पुढे जाईल एवढी लांबी ठेवतात. नेहमीच्या नऊ इंची आर्मला हे पुढे जाणं, म्हणजे ओव्हरहँग, १७-१८ मिलिमीटरच्या आसपास असतं. एवढं साधलं की कोनाची चूक सुमारे २ अंशांच्या आत राहते आणि दोन ठिकाणी ती शून्य होते. स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ साली, एलपी बाजारात येण्याच्या दहा वर्षं आधी, हे गणित मांडलं. आजही बहुतेक जण तेच वापरतात. त्यांच्या हिशेबाने शून्य चुकीच्या त्या दोन जागा मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. पुढे १९६६ मध्ये स्टीव्हन्सन यांनी आतली जागा ६०.३ मिलिमीटरवर, अगदी शेवटच्या खाचेपाशी नेली. ज्या संगीताचा सगळा जोर शेवटी असतो, त्याला ते सोयीचं. पण मग मधल्या भागात चूक वाढते, म्हणून मी लॉफग्रेनच्याच बाजूचा.

काम सुरू करताना प्लेअरचा प्लग काढा आणि प्लेअर सपाट आहे ना, हे पाहा. कोनमापकाचा छापील कागद मिळतो, तो खुंटीत अडकवायचा. शून्य चुकीच्या त्या दोन जागा त्यावर बिंदूंनी आणि रेघांनी दाखवलेल्या असतात. स्वतः छापणार असाल तर त्यावरची मापरेघ पट्टीने मोजून घ्या. छपाईत कागद दोन टक्के जरी लहान झाला तरी सगळी मेहनत वाया. सुई कागदावरच्या पहिल्या बिंदूवर अलगद टेकवा आणि समोरून पाहा. इथे लोक कार्ट्रिजच्या डबीची कड रेघांशी जुळवतात. जुळवायचा असतो कँटिलिव्हर, म्हणजे जिच्या टोकाला हिरा असतो ती बारीक दांडी. ती डबीत किंचित तिरकी बसलेली असू शकते. भिंग घ्या, दिवा जवळ आणा. मग दुसऱ्या बिंदूवर जा. तिथे दांडी रेघांशी समांतर नसेल, तर स्क्रू सैल करून कार्ट्रिज आर्मच्या टोकावरच्या स्क्रूच्या खाचेत अर्धा मिलिमीटर पुढे किंवा मागे सरकवा आणि पुन्हा दोन्ही बिंदू पाहा. चूक वाढली तर उलट दिशेने सरकवा. याला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा. सगळ्या जुळणीत सर्वात जास्त फरक इथे पडतो. स्क्रू पिळताना सुईवर टोपण असू द्या. पोलादी पेचकस कार्ट्रिजच्या चुंबकाकडे ओढला जातो आणि एका क्षणात दांडी मोडते.

आता वजन. काउंटरवेट, म्हणजे आर्मच्या मागच्या टोकाचं वजन, फिरवून आर्म हवेत आडवा तरंगू द्या, काउंटरवेटच्या चकतीवरचा आकडा शून्यावर आणा, आणि मग कार्ट्रिजच्या कागदावर दिलेलं वजन लावा. बहुतेक कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम लागतं. छोटा डिजिटल काटा असेल तर खात्री करून घ्या. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजेल, हा समज घातक आहे. हलकी सुई खाचेच्या भिंतींवरून उसळते आणि आदळते. दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे राहणं रेकॉर्डच्या हिताचं.

आर्मच्या उंचीवर खूप वाद होतात. माझ्या मते त्यात वेळ घालवू नका. नऊ इंची आर्मला सुईचा उभा कोन एका अंशाने बदलायचा तर मागचं टोक ४ मिलिमीटर उचलावं लागतं. सुई रेकॉर्डवर असताना आर्म रेकॉर्डला समांतर दिसला की पुरे. समोरून पाहताना कार्ट्रिज डावीउजवीकडे झुकलेलं नाही ना, एवढं पाहा. सुईखाली छोटा आरसा ठेवला तर लगेच कळतं.

अँटीस्केटिंग मात्र कानाने ठरवा. कार्ट्रिज वाकडं बसवल्यामुळे फिरती रेकॉर्ड आर्मला आत ओढते आणि सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर रेलते. अँटीस्केटिंग म्हणजे आर्मला उलट, बाहेर ओढणारा जोर. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये आतली भिंत डाव्या चॅनलची, बाहेरची उजव्याची. म्हणून मोठ्या आवाजाच्या जागी आधी उजवा स्पीकर फाटत असेल तर अँटीस्केटिंग थोडं वाढवा, डावा फाटत असेल तर कमी करा. वजनाएवढाच आकडा लावून सुरुवात करायची.

हे सगळं झाल्यावर वजन पुन्हा एकदा मोजा, कारण कार्ट्रिज सरकवलं की ते बदलतं. चाचणीला फारशी न वाजलेली रेकॉर्ड घ्या. झिजलेल्या सुईने ओरबाडलेली खाच कुठल्याही जुळणीने सुधारत नाही. आणि चांगल्या रेकॉर्डवरही शेवटचं गाणं फाटतच राहिलं, तर सुई मऊ ब्रशने मागून पुढे झाडा आणि भिंगाखाली धरा. टोकाला चपटे, चमकणारे डाग दिसले तर हिरा झिजला आहे. ती सुई त्याच दिवशी काढून ठेवा.