कुणी हाकललं नव्हतं

(दृश्य: नवगावचा किनारा, ओहोटी. सुरूची झाडं. पहिली काही सेकंद फक्त लाटांचा आवाज.)

अलिबागच्या उत्तरेला, थळ ओलांडून किहीमकडे जाताना नवगाव लागतं. शनिवार-रविवारच्या गाड्या इथे थांबत नाहीत, त्या पुढे किहीमला जातात. पण इथे किनाऱ्याजवळ एक जुनी दफनभूमी आहे आणि तिच्यात एक स्मारक आहे. गोष्ट अशी सांगतात, की फार फार पूर्वी इथे समोरच्या समुद्रात ज्यूंचं एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती इथेच पुरली.

किती वर्षं झाली? सांगणारे दोन हजार म्हणतात. इतिहासकारांचं एकमत नाही. त्या वादात आज शिरायचं नाही, कारण आपला प्रश्न वेगळा आहे. ही माणसं आली कशी, हे शेकडो वेळा सांगून झालंय. इतकी शतकं इथे राहून, एक दिवस घराला कुलूप लावून ती का गेली?

(दृश्य: जुना लाकडी घाणा. अलिबागची इस्रायल आळी, सकाळ. बंद दारं, एका खिडकीत वाळत घातलेले कपडे.)

कोकणानं त्यांना नाव दिलं ते धंद्यावरून. ती तेल गाळायची, आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. म्हणून शनिवार तेली. स्वतःला ती बेने इस्रायल म्हणायची, म्हणजे इस्रायलची लेकरं. आडनावं मात्र गावांची: पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर, झिराडकर, दिवेकर. घरात मराठी, अंगावर लुगडं, हातात हिरवा चुडा, लग्नाआधी मेंदी.

त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नव्हते, धर्मगुरू नव्हता. उरलं होतं ते इतकंच: शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा हा नेम, आणि ‘शेमा इस्रायेल’ ही एक प्रार्थना. सणांची हिब्रू नावं विसरली गेली, तेव्हा सणांना कोकणी स्वयंपाकघरातली नावं मिळाली. खिरीचा सण. बिरड्याचा सण, त्या दिवशी वालाचं बिरडं. दारफाळणीचा सण, म्हणजे दार लावून घेऊन उपास. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस वालाच्या नावानं पाळला गेला, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वात खरी गोष्ट वाटते.

आता महत्त्वाचं. माणसं घर सोडतात म्हटलं की आपण कारण शोधतो ते भीतीचं किंवा भुकेचं. युरोपातल्या ज्यूंच्या बाबतीत कारण विचारावंही लागत नाही. इथे तसं काहीच नव्हतं. ज्यू आहेत म्हणून शेजारच्या हिंदूनं किंवा मुसलमानानं त्यांना छळलं, असं खुद्द बेने इस्रायलीही सांगत नाहीत. उलट परदेशात गेल्यावरही ते आवर्जून सांगतात, की भारतात आम्हाला कधी त्रास झाला नाही.

आणि दिवसही काही वाईट नव्हते. अठराव्या शतकापासून ही कुटुंबं मुंबईकडे सरकली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणायचे. पुढे नवी झाली तेव्हा ही जुनी मशीद ठरली. लोकलच्या मस्जिद स्टेशनाचं नाव तिच्यावरून पडलं असं सांगतात. रोज त्या स्टेशनावर उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

फौज, रेल्वे, पोस्ट, गोदी, सरकारी कचेऱ्या. १८७५ मध्ये समाजाची स्वतःची शाळा. १९३७ साली डॉक्टर ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. वरळीचा रस्ता त्यांच्याच नावाचा. डॉक्टर जेरुशा झिराड स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नावाजल्या, १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हिंदी पडद्यावरचे डेव्हिड, ते टकलाचे, हसऱ्या डोळ्यांचे चाचा, मूळचे चेऊलकर.

मग का गेले?

(दृश्य: जुन्या छापील पोथीचं पान. हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा.)

एक धागा इथून सुरू होतो. हे पुस्तक १८७४ साली पुण्यात छापलं. याला हग्गादा म्हणतात. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची कथा, जी वल्हांडणाच्या रात्री घरातले सगळे बसून वाचतात. यात हिब्रूच्या जोडीला मराठी आहे. आणि चित्रात पाहा, लुगडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या पोळ्या करताहेत. ही त्या रात्रीची तयारी.

या वाचनाच्या शेवटी एक वाक्य येतं: पुढच्या वर्षी यरुशलेमात.

गंमत अशी, की कोकणातल्या तेल्याच्या घरात हे वाक्य पूर्वी नसावं. ते कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी शिकवलं आणि छापखान्यानं घरोघर पोचवलं. हिब्रू शिकवण्यात मिशनऱ्यांचाही हात होता. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. त्यांना ज्यूंना ख्रिस्ती करायचं होतं. झालं उलटंच, ज्यू अधिक ज्यू झाले.

तरीही वाक्य शिकलं म्हणजे लगेच कुणी बिस्तरा बांधत नाही. १८९७ मध्ये युरोपात पहिली झायोनिस्ट परिषद, म्हणजे ज्यूंचा स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्यांची परिषद, भरली, तेव्हा मुंबईच्या बेने इस्रायलींनाही बोलावणं आलं होतं. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. परत नेणं हे देवाचं काम, आपण वाट पाहावी, असा त्यांचा भाव होता. म्हणजे घराची ओढ होती, पण ती प्रार्थनेत होती. आपणही रोज आरतीत बरंच काही मागतो. ते उद्या सकाळी दारात उभं राहिलं तर काय करायचं, हे ठरवलेलं नसतं.

१४ मे १९४८ ला ते दारात उभं राहिलं. इस्रायल नावाचा देश झाला. १९५० मध्ये तिथे कायदा झाला, की जगातल्या कुठल्याही ज्यूला इथे येऊन राहण्याचा हक्क आहे. प्रवासखर्चाची सोय ज्यू एजन्सी, म्हणजे ज्यूंना तिथे नेऊन वसवणारी संस्था, करू लागली.

(दृश्य: मुंबईतली चाळ. लांब सज्जा. एका खोलीच्या दारावर चौकटीला तिरकी बसवलेली छोटी डबी, ज्यू घराची खूण, आता रंगाखाली दबलेली.)

आणि नेमकं त्याच सुमारास इथे दुसरं काहीतरी सुटत होतं. इंग्रज गेले होते. रेल्वेत, कस्टममध्ये, पोलिसात बापाच्या ओळखीनं मुलगा चिकटायचा, ती वाट अरुंद झाली. आता स्पर्धा आली. समाज एवढासा, वीस हजारांच्या आसपास. मतपेटीत त्यांचं वजन शून्य.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. तेलाचा घाणा कोकणात मागे सुटला होता. बहुतेकांकडे शेती नव्हती, दुकान नव्हतं. होती ती महिन्याची पगाराची नोकरी आणि भाड्याची खोली. ज्याची कलमांची बाग आहे तो सहज उठत नाही. कारकुनाला राजीनाम्याचा एक कागद पुरतो. पहिल्या पिढीनं गाव सोडून मुंबई गाठली, तेव्हाच निम्मं जाणं होऊन गेलं होतं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण देव नव्हतं आणि पगारही नव्हतं. ते होतं दहा.

सिनेगॉगात सामुदायिक प्रार्थना करायची तर दहा पुरुष लागतात. तेरा वर्षांपुढचे दहा. याला मिनयान म्हणतात. आता रायगडातलं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. रेवदंडा, पेण, रोह्याकडचं कुठलंही. बारा-पंधरा घरं. एक घर गेलं, भाऊ तिकडे होता म्हणून. दुसरं गेलं, मुलीसाठी स्थळ इथे मिळेना म्हणून. तिसरं गेलं, कारण पहिल्या दोन घरांतून पत्रं येत होती. मग एका शनिवारी सकाळी मोजले तर नऊ. दहाव्यासाठी कुणीतरी सायकल घेऊन शेजारच्या गावी जायचं. पुढच्या वर्षी सात. ज्याला मुळीच जायचं नव्हतं, ज्याचं नारळाचं आगर होतं, तोही आता काय करणार? त्याच्या मुलाची बार मित्झ्वा, म्हणजे तेराव्या वर्षी वयात आल्याचा विधी, कुणासमोर व्हायची? मेलेल्यासाठी कद्दिश म्हणायला माणसं कुठून आणायची?

त्याला कुणी जा म्हटलं नाही. त्याच्याभोवतीची माणसं उठून गेली.

(दृश्य: नेगेव वाळवंट. सपाट, पिवळं. लांबवर चौकोनी इमारती.)

तिकडे काय मिळालं? नाव निघालं होतं यरुशलेमचं, आणि बसनं उतरवलं वाळवंटात. बेर-शेवा, पुढे दिमोना, येरुहाम, किर्यात गात. मुंबईच्या कचेरीत लेखणी चालवणाऱ्यांच्या हातात फावडं आलं. हिब्रू बोलता येईना. काळे म्हणून वेगळं वागवलं जातं, अशा तक्रारी होत्या. पांढरा पाव इतरांना आणि आम्हाला काळा, हे गाऱ्हाणं तर त्या काळाची खूणच होऊन बसलं.

१९५१ मध्ये काही जणांनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या दारात धरणं धरलं. मागणी एकच होती: आम्हाला परत मुंबईला पाठवा. सत्याग्रहाचा धडा ते इथूनच शिकून गेले होते. आणि खरंच, १९५२ मध्ये शे-दीडशे माणसांना विमानानं परत आणलं गेलं.

पुढचा भाग लोक सांगताना गाळतात. त्यातले बरेचसे काही काळानं पुन्हा इस्रायलला गेले. का? इकडे खोली गेली होती, नोकरी गेली होती, आणि मशिदीत शेजारी बसणारा माणूस तिकडे होता. परत यायला मुंबई होती, पण ती सोडून गेलेली मुंबई कुठे होती?

त्याहून जिव्हारी लागलं ते पुढे. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या कचेरीनं लग्ननोंदणी करणाऱ्यांना सांगितलं, की बेने इस्रायली माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल तर त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. आई ज्यू होती का, आजी होती का, तिची आई? कोकणात ज्यांच्या घाण्यावरून अख्खं गाव शनिवार ओळखायचं, त्यांना पुरावा मागितला जात होता. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये ते पुन्हा धरण्यावर बसले. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं ठराव केला, की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. मग धर्मगुरूंनाही नमतं घ्यावं लागलं.

सगळेच इस्रायलला गेले असंही नाही. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी कॅनडाला. डेव्हिड चाचांचा शेवट १९८१ मध्ये टोरांटोत झाला. आणि कवी निस्सीम इझिकेल तरुणपणी लंडनला जाऊन परत आले ते कायमचे; त्यांनी मुंबई सोडली नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरातले सगळे ज्यू मिळून भरले ४,६५०.

(दृश्य: परातीत गोड पोहे, खोबरं, वर फळांच्या फोडी, गुलाबाच्या पाकळ्या. मागून बायकांच्या बोलण्याचा आवाज, मराठी आणि हिब्रू एकमेकांत मिसळलेल्या.)

हा मलिदा. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, त्याच्या नावानं करतात. नवस फेडायला, लग्नाआधी, घर घेतल्यावर. अलिबागजवळ खंडाळे म्हणून गाव आहे, घाटातला खंडाळा वेगळा. तिथल्या कातळावर एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा. तिकडे गेल्यावर हा कातळ कुठून आणणार? हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा आहे. आता मलिद्याची परात तिथे जाते.

दिमोनात वाल मिळतात. पोहे मिळतात. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं, तिथेच छापलेलं, आपल्या देवनागरीत. ते वाचणारे आता म्हातारे झालेत. त्यांची मुलं मराठी समजतात, नातवंडांना एवढंच कळतं की आजी चिडली की कुठल्या भाषेत बोलते.

(दृश्य: पुन्हा इस्रायल आळी. दुपार. पाठीवर पिशवी घेतलेली एक तरुण मुलगी, हातात फोन.)

सैन्यातली सक्तीची नोकरी संपली की इस्रायलची पोरं भारतात फिरायला येतात. बहुतेक गोव्याला किंवा हिमाचलात जातात. एखाददुसरं मांडव्याच्या बोटीत बसून इकडे येतं. त्यांच्याजवळ घर नंबर नसतो, गल्लीचं नाव नसतं. असतं फक्त आजोबांचं आडनाव, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दाखवतात.

दुकानदार चष्मा लावून मोठ्यानं वाचतो. झि-रा-ड-क-र.

“झिराड? मग अलिबागला कशाला उतरलीस, पोरी? ते तर मागे राहिलं. थांब, रिक्षावाल्याला सांगतो.”