ऑक्टोबरची विहीर, मे महिन्याची विहीर

[दृश्य: विहिरीच्या कठड्यावरून खाली पाहणारा कॅमेरा. पाणी दोन-तीन हातांवर. काठावर हिरवं गवत.]

निवेदन:
ही ऑक्टोबरमधली विहीर. पाऊस नुकताच सरला आहे. मोटर दिवसभर चालवली तरी रात्रीतून पाणी पुन्हा वर येतं.

[दृश्य: तीच विहीर. तळाचे दगड उघडे. एका कोपऱ्यात डबकं.]

आणि ही तीच विहीर, मे महिन्यात.

महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान २००४ साली १३ ऑक्टोबरला झालं. २००९ मध्येही १३ ऑक्टोबर. २०१४ मध्ये १५ ऑक्टोबर, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबर, २०२४ मध्ये २० नोव्हेंबर. सलग पाच वेळा मतदार भरलेल्या विहिरीवरून मतदान केंद्राकडे गेला.

लोकसभेचं मतदान येतं एप्रिल-मेमध्ये. २०२४ मध्ये राज्यात पाच टप्पे झाले, १९ एप्रिल ते २० मे. तेव्हा टंचाईच्या गावांत टँकर फिरत असतात. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी हा विषय राज्यसूचीत आहे, १७ व्या नोंदीत. भूजलाचा कायदा विधानसभा करते, संसद नाही. म्हणजे विहीर आटलेली असते तेव्हा आपण खासदार निवडतो, आणि भरलेली असते तेव्हा आमदार. हे कोणी ठरवून केलेलं नाही, सभागृहांच्या मुदती तशा पडत गेल्या. परिणाम मात्र फार खोल आहे.

[दृश्य: टँकरभोवती हंडे, पाइप धरलेले हात.]

निवेदन:
लोकांना पाण्याचं गांभीर्य नाही, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. ते खरं नाही. टँकरसाठी अर्धी रात्र जागणाऱ्या बाईला पाण्याचं मोल कोणी शिकवायला नको. तिला हे सगळं माहीत असतं, आणि तरीही ते मतपेटीपर्यंत पोहोचत नाही. कारण शोधायला सुरुवात करावी लागते खडकापासून.

[दृश्य: विहिरीची उभी भिंत. वर माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. चुन्यानं थर आखलेले.]

निवेदन:
राज्याचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसला आहे. हा खडक पाणी साठवतो तो त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. एक घनमीटर खडकातून, म्हणजे हजार लिटरच्या आकारमानातून, उपशाला मिळतं जेमतेम १० ते ३० लिटर पाणी. भांडं उथळ आहे. ते एका चांगल्या पावसात भरतं आणि एका उन्हाळ्यात रितं होतं.

पंजाबसारख्या गाळाच्या प्रदेशात पाणी खाली जातं ते वर्षानुवर्षं, एकाच दिशेनं. तिथे मोटर दरवर्षी खाली सोडावी लागते, त्यामुळे ऱ्हास लपत नाही. बेसाल्टमध्ये तसं होत नाही. मेमध्ये संकट असतं आणि ऑक्टोबरमध्ये ते पुसलं गेलेलं दिसतं. माणसाला वाटतं, यंदा निभावलं. नेमक्या त्याच महिन्यात प्रचाराची गाडी गावात येते.

[दृश्य: पाटीवर खडूनं मांडलेला हिशेब.]

निवेदन:
एक हिशेब मांडू. गाव एक हजार हेक्टरचं. पाऊस ६०० मिलिमीटर. गावावर पडलेलं एकूण पाणी ६० लाख घनमीटर. झिजलेल्या बेसाल्टमध्ये त्यातलं साधारण ८ टक्के मुरतं असं धरू. झाले ४ लाख ८० हजार घनमीटर. वर्षभराची मिळकत एवढीच.

आता खर्च. लोकसंख्या दोन हजार, माणशी रोज ५५ लिटर. वर्षाचं पिण्याचं आणि घरवापराचं पाणी सुमारे ४० हजार घनमीटर. मिळकतीच्या बाराव्या भागाइतकं. म्हणजे या गावाला तहान भागवण्यापुरतं पाणी आहे, आणि भरपूर आहे.

पाटानं पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी साधारण २० हजार घनमीटर लागतं. दोन हेक्टर ऊस म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी. चोवीस हेक्टर ऊस म्हणजे गावाची सगळी मिळकत. हजार हेक्टरांतले फक्त चोवीस. शेताला दिलेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा मुरतो, हे खरं. पण मुरलेलं काही पाणी ओढ्यावाटे गावाबाहेरही निघून जातं, तेही खरं. दोन्ही धरले तरी चित्र फार बदलत नाही.

यात ऊस लावणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं अन्याय आहे. उसाला कायद्यानं किमान दर ठरलेला आहे, तोडणी-वाहतुकीची व्यवस्था कारखाना लावतो. दुसऱ्या कोणत्या पिकाला इतकी हमी आहे? जो उमेदवार सभेत उठून ‘ऊस कमी करा’ म्हणेल, तो समोरच्या माणसाकडून त्याची एकमेव खात्रीची मिळकत मागत असतो आणि बदल्यात आज हाती देण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं. म्हणून तो हे वाक्य बोलत नाही. म्हणून मतदारालाही असा पर्याय कधी दिसत नाही.

[दृश्य: रात्री बोअर घेणारी गाडी. धुळीचा लोट, पाइपावर पाइप.]

निवेदन:
भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ सालचा. जमिनीखालचं पाणी जमीनमालकानं काढावं, ही समज त्यातून रुजली. पण पाणी बांध ओळखत नाही. शेजाऱ्याचं बोअर ६० मीटर असेल तर माझं ९० हवं, त्याचं १२० झालं की माझं १५०. प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणानं वागतो आणि सगळे मिळून एकच भांडं रिकामं करतात. खालच्या थरांत पाणी तसंही थोडं. वरच्या थराला केसिंग, म्हणजे बोअरची भिंत बंद करणारा पाइप, नीट बसवला नसेल तर विहिरीचं पाणी झिरपून बोअरमध्ये उतरतं आणि जुनी विहीर कोरडी पडते. दोष नशिबावर जातो.

राज्यानं कायदे केले. १९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आले. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला. तो राजपत्रात प्रसिद्ध झाला २०१३ मध्ये आणि नियमांचा मसुदा हरकतींसाठी लोकांसमोर आला २०१८ मध्ये. ६० मीटरपेक्षा खोल ती खोल विहीर, विहिरींची नोंदणी, पाणलोट क्षेत्रनिहाय समित्या, हे सगळं त्या कायद्यात आहे. कायद्याच्या वर्षापासून मसुद्यापर्यंत नऊ वर्षं गेली. मधल्या काळात विधानसभेच्या दोन निवडणुका झाल्या आणि या दिरंगाईची किंमत कोणालाही मोजावी लागली नाही.

वीज मात्र प्रचारात असते. २००४ च्या निवडणुकीआधी कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली, निवडणूक झाल्यावर २००५ मध्ये ती सवलत मागे घेतली गेली. २०२४ च्या जुलैमध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याचा शासन निर्णय निघाला, नोव्हेंबरमध्ये मतदान झालं. सरकारं वेगवेगळी होती. थकलेल्या बिलाखाली दबलेल्या शेतकऱ्याला ही सवलत हवी असते आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण वीजबिल कागदावर येतं, त्यावर रक्कम असते. खाली गेलेल्या पाण्याचं बिल कोणी पाठवत नाही.

[दृश्य: रेल्वे वाघिणींची रांग.]

निवेदन:
१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी देशानं पाहिली. त्याआधीच्या दहा वर्षांत उपसा कमी झाला असता तर दाखवण्यासारखं काहीच नसतं. टाळलेल्या संकटाचा फोटो निघत नाही.

अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या निवडणुकांवर २००९ मध्ये हेच मोजून दाखवलं. आपत्तीनंतरच्या मदतीवर केलेल्या खर्चाचं फळ मतदार मतांतून देतात. आपत्ती येऊ नये म्हणून केलेल्या खर्चाचं देत नाहीत. त्यांच्या अंदाजानुसार पूर्वतयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो. आपल्या भाषेत, टँकरला मत मिळतं, नाला बांधाला कमी, आणि न घेतलेल्या बोअरला तर मुळीच नाही.

[दृश्य: पहाट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर शेळी, लहान मुलं.]

निवेदन:
हे ऊसतोड कामगार. कोरडवाहू गावांतून हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेऊन कोयता निघतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पाण्याअभावी ज्यांच्या शेतात रब्बी उभं राहत नाही ते दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला जातात. २०२४ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता, मतदान होतं २० नोव्हेंबरला. पाण्याच्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे साक्षीदार मतदानाच्या दिवशी फडावर असणं, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आणि जे गावात असतात त्यांनाही विचारलं जातं एकच: सर्वांत मोठा प्रश्न कोणता? लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीच्या पाहणीत २७ टक्के लोकांनी बेरोजगारी सर्वांत मोठा प्रश्न सांगितला, २३ टक्के लोकांनी महागाई. यात पाणी नाही असं समजू नये. तीन बोअर फेल गेल्यावर शेती सोडून शहरात आलेला मुलगा ‘बेरोजगारी’ म्हणतो. त्या तीन बोअरचं देणं फेडणारा बाप ‘कर्ज’ म्हणतो. चारा विकत घेणारी आई ‘महागाई’ म्हणते. पाणी तिघांच्याही उत्तरात आहे, फक्त स्वतःच्या नावानं नाही. आणि मत एकच. त्यात रस्ता, हमीभाव, आरक्षण, जात, उमेदवाराचा स्वभाव, सगळं एकत्र बांधलेलं. त्यातून भूजलाचं मत वेगळं काढून मोजता येत नाही.

[दृश्य: नकाशा. मतदारसंघांच्या रेषांवर पाणलोटांच्या रेषा. दोन्ही जुळत नाहीत.]

राज्यात विधानसभेचे मतदारसंघ २८८, भूजलाच्या हिशेबासाठी आखलेली पाणलोट क्षेत्रं सुमारे दीड हजार. मतदारसंघ लोकसंख्येवर आखतात, पाणलोट डोंगरउतारावर. वरच्या अंगाचा उपसा एका आमदाराकडे आणि खालच्या अंगाची कोरडी विहीर दुसऱ्याकडे असेल, तर जाब कोणाला विचारायचा?

[दृश्य: वजन बांधलेली मोजपट्टी विहिरीत सोडणारे हात.]

निवेदन:
अदृश्य गोष्ट प्रचारात आणायची तर आधी ती आकड्यात आणावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. गावालाही हे जमतं. लागते एक मोजपट्टी, तिच्या टोकाला एक वजन आणि शिस्त.

वेगवेगळ्या भागांतल्या पाच-सहा विहिरी निवडा: वरच्या अंगाची, मधली, ओढ्याकाठची. पाझर तलावाला खेटून असलेली घेऊ नका, ती नेहमीच चांगलं सांगेल. कठड्यावर लाल रंगाची खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. पट्टी पाण्याला टेकली की आकडा घ्या, त्यातून कठड्याची उंची वजा करा. मोटर बंद होऊन किमान सात-आठ तास झालेले हवेत. रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात सकाळचं माप फसवं येतं, कारण रात्रभर उपसा झालेला असतो. मधल्या काळात कोणी विहीर खोल केली किंवा आडवे बोअर घेतले, तर वहीत तशी नोंद करा, नाहीतर पुढची तुलना चुकते. आणि तुलना मेची मेशी, ऑक्टोबरची ऑक्टोबरशी. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो: मेचं आणि ऑक्टोबरचं माप शेजारी ठेवून पाणी वाढल्याचं सांगितलं जातं.

ग्रामसभांच्या तारखा यासाठी सोयीच्या आहेत. २६ जानेवारी, १ मे आणि २ ऑक्टोबर मोजमापाच्या महिन्यांतच येतात. २ ऑक्टोबरच्या सभेत पावसाचा आकडा, मुरलेल्या पाण्याचा अंदाज आणि विहिरींची पातळी मांडायची. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरेल त्यावर रब्बी ठरवायची. हरभऱ्याला हेक्टरी साधारण दोन-अडीच हजार घनमीटर, गव्हाला चार-पाच हजार. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार असा ताळेबंद वर्षानुवर्षं मांडत आलं आहे. तिथे पाऊस साधारण ४०० मिलिमीटरच. त्या गावानं ऊस आणि केळी नाकारली, शेतीसाठी बोअर नाकारले. हे नियम टिकले, कारण ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर, आकडे पाहून झाले.

[दृश्य: ग्रामपंचायतीची भिंत. रंगवलेले चार रकाने. शेजारी प्रचाराचं पोस्टर.]

निवेदन:
ऑक्टोबरात उमेदवार या भिंतीपुढे उभा राहतो तेव्हा मे महिना त्याच्यासमोर लिहिलेला असतो. मग प्रश्न ‘पाण्याचं काय करणार’ असा मोघम राहत नाही. या पाणलोटाची समिती कोणत्या महिन्यात बसवणार? तालुक्यातल्या किती विहिरींची नोंदणी झाली? हरभरा आणि ज्वारी हमीभावानं खरेदी करणारं केंद्र किती किलोमीटरवर उघडणार, आणि ते किती दिवस चालू राहील? ठिबकचं अनुदान अर्जापासून खात्यात यायला किती महिने लागतात, आणि तो वेळ किती करणार?

[दृश्य: कॅमेरा भिंतीवरच्या रकान्यांकडे. मे, ऑक्टोबर भरलेले. जानेवारीचा रिकामा. खाली तारीख: मोजणी २५ जानेवारी, सकाळी सात.]